लांडग्याला घेरायचं कसं: डी अँड डीच्या टेबलावर टीमवर्कचे घरचे नियम

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा गप्पांतून कथा रचत फाशांवर लढायचा खेळ. त्यात नवख्यांच्या पहिल्या लढाईत काय होतं ते सगळीकडे सारखंच असतं. चौघांची चार कॅरेक्टर, समोर तीन लांडगे. पाळी आली की फासा टाकायचा, लागलं तर नुकसान मोजायचं, नाही लागलं तर मोबाइल बघायचा. चौघं एकाच चादरीवर बसलेले, पण प्रत्येकाची लढाई वेगळी. मग एक दिवस कोणीतरी कुठेतरी वाचून येतो, "अबे, दोघांनी दोन बाजूंनी घेरलं की अ‍ॅडव्हांटेज मिळतो म्हणे!" आणि तिथून घरचे नियम सुरू होतात.

आमचं टेबल जुळे सोलापुरात, गच्चीवरच्या खोलीत बसतं. टेबल नुसतं म्हणायला, बसतो आम्ही खाली मांडी घालूनच. इथे मी डीएम, म्हणजे कथा सांगणारा आणि शत्रू चालवणारा पंच, म्हणून बरेच घरचे नियम आणले, आणि आणले त्यातले निम्म्याहून जास्त परत काढले. मदतीचे जे टिकले त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे: दुसऱ्याला मदत करायची तर मदत करणाऱ्याचं काहीतरी खर्च होतं. फुकटातली मदत दोन आठवड्यांत सवय होते, आणि सवय झाली की तिच्याकडे कोणी मदत म्हणून बघत नाही.

खालचे सगळे हिशेब पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४च्या पुस्तकांचे आहेत. २०२४च्या सुधारित पुस्तकांत काही तपशील बदललेत, तर तुमच्याकडे जे असेल ते उघडून एकदा ताडून बघा. पुस्तक विकत घेतलं नसेल तरी अडत नाही. जानेवारी २०२३मध्ये या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, त्यांची पीडीएफ फुकट मिळते. पहिलं वर्ष तेवढ्यावर आरामात निघतं.

पायरी १: पुस्तकातलं आधी वापरून बघा

निदान तीन बैठका एकही घरचा नियम न लावता खेळा. टीमवर्कसाठी जे हवंय त्यातलं बरंचसं पुस्तकात आधीच आहे, फक्त कोणी हात लावत नाही.

एक राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, कथेतले ६ सेकंद. तुमच्या पाळीत एक अ‍ॅक्शन, बहुतेकांना ३० फूट चालणं, काहींना बोनस अ‍ॅक्शन. याशिवाय एक रिअ‍ॅक्शन, जी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पाळीत वापरली जाते आणि तुमची पुढची पाळी सुरू झाली की परत मिळते. ही रिअ‍ॅक्शन नीट लक्षात ठेवा, पुढे सगळा व्यवहार तिच्यावरच आहे.

अ‍ॅक्शन म्हणजे फक्त वार, असं नवख्यांना वाटतं. पण 'हेल्प' ही पण अ‍ॅक्शन आहे. शत्रू तुमच्यापासून ५ फुटांत असेल तर तुम्ही त्याला गुंतवता, आणि तुमच्या पुढच्या पाळीआधी मित्राचा त्याच्यावरचा पहिला वार अ‍ॅडव्हांटेजने होतो, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. मंत्र संपलेल्या, हातात काठी उरलेल्या विझर्डने, म्हणजे जादूगाराने, स्वतः वार करण्यापेक्षा फायटरला, म्हणजे लढवय्याला, हेल्प करणं जवळजवळ नेहमीच परवडतं. 'डॉज' केलं की तुम्हाला दिसणाऱ्या शत्रूंचे तुमच्यावरचे वार दोन फाशांतला लहान आकडा घेऊन, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेजने होतात. चिलखतवाल्याने दारात उभं राहून डॉज करणं हीसुद्धा मदतच. आडोशाला उभं राहिलात तर आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा, २ने वाढतो, जवळपास पूर्ण झाकले गेलात तर ५ने.

'शव्ह' मात्र मन लावून शिका. एका वाराच्या बदल्यात शत्रूला ढकलून आडवं करता येतं. आडव्या शत्रूवर ५ फुटांतून केलेल्या वाराला अ‍ॅडव्हांटेज, पण लांबून मारलेल्या बाणाला डिसअ‍ॅडव्हांटेज. उठायला त्याचं निम्मं चालणं खर्च होतं. म्हणजे शव्ह धनुर्धराच्या पाळीनंतर आणि तलवारवाल्याच्या पाळीआधी झाला पाहिजे. मागेपुढे झालं तर आपल्याच माणसाचं नुकसान. लढाईतल्या क्रमाला किंमत असते हे नवख्याला इथे पहिल्यांदा कळतं.

पायरी २: सामान

सामानाचा बाऊ करू नका. चौकटीच्या वहीचा कागद, एक चौकट ५ फूट. नायकांसाठी शर्टाची वेगवेगळी बटणं. राक्षसांसाठी आम्ही लूमवरच्या रिकाम्या कांड्या वापरतो, आमच्यातल्या एकाच्या घरी पोत्याने पडल्यात. फासे टाकायला स्टीलचं ताट, त्यात टर्किश नॅपकिन अंथरलेला, नाहीतर रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावरून हाक येते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी कॅरेक्टर शीटपासून हातभर लांब ठेवा. चटणीच्या तेलाने एका पॅलाडिनचे (धर्मयोद्ध्याचे) हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा, वाचता येईनासे झाले होते, आणि तो जे सांगेल ते खरं धरावं लागलं.

पायरी ३: घेरण्याचा नियम आधी निकालात काढा

पुस्तकात फ्लँकिंग हा ऐच्छिक नियम आहे. शत्रूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन मित्र उभे राहिले की दोघांनाही अ‍ॅडव्हांटेज. दिसायला हा टीमवर्कचाच नियम दिसतो. सहा महिने वापरल्यावर माझं मत असं की याच्याइतकं टीमवर्क दुसरं काहीच मारत नाही.

हिशेब करू. रोगचा, म्हणजे चोर कॅरेक्टरचा, वार +५ (एवढे फाशात मिळवायचे), लांडग्याचा आर्मर क्लास १३. फाशावर ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६५ टक्के. अ‍ॅडव्हांटेज मिळाला की तेच ८८च्या आसपास जातं. आर्मर क्लास १८ असेल तर ४० टक्क्यांचे ६४ होतात. एवढा फायदा, आणि त्यासाठी काय करायचं? दोन पावलं चालायचं. मग हेल्पवर अ‍ॅक्शन कोण घालवेल? शव्हसाठी वार कोण सोडेल? अ‍ॅडव्हांटेज कितीही कारणांनी मिळाला तरी फासे दोनच, त्यामुळे बाकीच्या सगळ्या युक्त्या एका झटक्यात बेकार होतात. बार्बेरियनचा रेकलेस अटॅक बघा. स्वतःवरचे वार सोपे करून घेऊन तो अ‍ॅडव्हांटेज विकत घेतो. शेजारच्याला तीच गोष्ट चालत जाऊन फुकट मिळाली तर त्या बिचाऱ्याने काय करावं? रोगला तर स्नीक अटॅकसाठी, म्हणजे त्याच्या जादा नुकसानाच्या वारासाठी, घेरायची गरजच नसते, शत्रूच्या ५ फुटांत आपला एखादा धडधाकट माणूस असला आणि स्वतःच्या वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज नसला की पुरतं.

शिवाय चित्र विनोदी दिसतं. आपला एक, शत्रू, आपला एक, शत्रू, अशी रांग लागते. कीर्तनाला बसल्यासारखे सगळे सरळ रेषेत.

तोडगा सोपा आणि जुना आहे: अ‍ॅडव्हांटेजऐवजी वाराला +२. गेमच्या तिसऱ्या आवृत्तीत फ्लँकिंगचा फायदा एवढाच होता. वरच्या उदाहरणात ६५चे ७५ होतात, ४०चे ५०. घेरणं फायद्याचं राहतं, पण हेल्प आणि शव्ह त्याच्याहून वरचढ राहतात, आणि +२वर अ‍ॅडव्हांटेजही चढवता येतो. आमच्याकडे हाच नियम आहे. नवीन डीएमला माझा सल्ला त्याहून साधा: पहिल्या दोन महिन्यांत फ्लँकिंग नकोच.

ते नसलं की काय होतं ते बघायचं असेल तर अरुंद नकाशा काढा. आपल्या भुईकोट किल्ल्याला एकीच्या आत एक अशा दोन तटबंद्या आहेत, बाहेर खंदक. तो मनात धरून मी दोन भिंतींमधली दहा फुटी वाट काढली होती. शत्रूच्या मागे जायला जागाच नाही. पहिला राउंड सगळे नुसते एकमेकांकडे बघत बसले. तिसऱ्या राउंडला फायटरने ढालवाल्या गॉब्लिनला (बुटक्या राक्षसाला) आडवं केलं आणि मागचा त्याच्या अंगावरून पुढे सरकला. त्या रात्री घरी जाताना जिन्यातसुद्धा चर्चा लढाईचीच चालली होती.

पायरी ४: ज्याची पाळी, त्याचा शब्द

हा नियम फाशांचा नाही, तोंडाचा आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा.

टीमवर्क वाढवा म्हटलं की टेबलावरचा जाणकार माणूस बाकीच्यांना खेळवायला लागतो. "तू इकडे जा, तो मंत्र टाक, नको नको, आधी हेल्प कर." त्याचा हेतू चांगला असतो, डावही जिंकला जातो. आमच्याकडे तो जाणकार मीच होतो, कारण त्या मोसमात डीएम दुसराच होता. आमची क्लेरिक (जखमा भरणारी पुजारीण) खेळणारी मुलगी नवीन होती. चौथ्या बैठकीनंतर चपला घालता घालता ती म्हणाली, "दादा, पुढच्या वेळेपासून माझे फासे तुम्हीच टाका ना, मी नुसती बघत बसते." हसत म्हणाली, पण पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तिला परत बोलवायला मला तिच्या घरी जाऊन, चहा पिऊन, कबूल करावं लागलं की तिचं कॅरेक्टर मीच चालवत होतो.

तेव्हापासून नियम असा: दुसऱ्याच्या पाळीत तुम्ही काय देऊ शकता ते सांगायचं, त्याने काय करावं ते सांगायचं नाही. "माझी रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे" चालेल. "तो लांडगा जखमी आहे, माझ्यात अजून एक वार सोसायची ताकद आहे" चालेल. "तू त्याच्यावर सेक्रेड फ्लेम टाक" चालणार नाही. त्याने आपणहून विचारलं, "काय करू?" तर मग खुशाल सांगा, पण एकानेच.

फरक लहान दिसतो. चार बैठकांत त्याने टेबल बदललं. मदत पुढे ठेवली की पाळीवाल्यासमोर पर्याय येतात, आणि निवड त्याची राहते. चुकीची निवड करण्याचा हक्कही त्याचाच. नवख्याने फायरबोल्ट वाया घालवला तर घालवू द्या, लांडगा काय खरा नाही.

वेळेचं बंधनही घाला. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात, आम्ही पाळीला तेवढेच देतो. एक जण मोबाइलवर वेळ लावतो. ३० सेकंदांत ठरलं नाही तर कॅरेक्टर डॉज करतं, आणि पाळी पुढे. अगदी पहिल्या बैठकीला आलेल्या माणसाला मात्र हे लावू नका, त्याला शीटवर आकडा शोधायलाच दोन मिनिटं लागतात.

सोलापूरचा म्हणून एक खास प्रश्न आमच्यापुढे आला. दोघांच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कन्नड. लढाई रंगात आली की ते दोघं तेलुगूत मसलत करायचे आणि डीएमला काही कळायचं नाही. तक्रार झाली. शेवटी असं ठरलं की त्यांच्या कॅरेक्टरची एल्व्हिश, म्हणजे खेळातल्या एल्फ लोकांची, भाषा म्हणजे तेलुगू. ज्या शत्रूंना एल्व्हिश येत नाही त्यांच्यासमोर बिनधास्त बोला. शत्रू एल्फ असले तर मराठीत या. बिचारा डीएम आता थोडं तेलुगू शिकलाय.

पायरी ५: शेजारच्या पाळ्या बदलू द्या

शव्हचा क्रम आठवतोय ना? पाचव्या आवृत्तीत आपली पाळी मागे ढकलता येत नाही. 'रेडी' अ‍ॅक्शन आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेसाठी कृती राखून ठेवायची, पण ती रिअ‍ॅक्शन खाते, आणि मंत्र रेडी करून ठेवला नि ठरलेली वेळ आलीच नाही तर मंत्र वाया जातो. नवख्यांना ते जमतही नाही.

आमचा नियम: इनिशिएटिव्हच्या, म्हणजे पाळ्यांच्या क्रमाच्या, यादीत दोन खेळाडू लागोपाठ असतील, मध्ये एकही शत्रू नसेल, तर त्या राउंडपुरती त्यांनी पाळ्यांची अदलाबदल करावी. दोघांची संमती हवी. एकाची अर्धी पाळी, मग दुसऱ्याची, असली कालवाकालव नको. एक पूर्ण, मग दुसरी पूर्ण. 'तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत' असं लिहिलेला परिणाम चालू असलेल्याने बदलू नये, नाहीतर एखादा डॉज अर्धा राउंड जास्त टिकतो आणि वाद सुरू होतो. एवढं सांभाळलं तर हा नियम फार गोड आहे. लोक आपली पाळी येण्याआधी यादीकडे बघायला लागतात, शेजारच्याला विचारतात, "तू आधी जाशील का?"

पायरी ६: खर्च करून मदत

आता खर्चाचे घरचे नियम. या जातीचे दोनच देतो, कारण दोनच टिकले.

'आड येणं': मित्राच्या पाळीत तो तुमच्या शेजारच्या चौकटीत असेल, तर तुमची रिअ‍ॅक्शन खर्च करा. त्या पाळीत तो निघून जाताना तुम्ही सांगाल त्या एका शत्रूला त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निसटणाऱ्यावर रिअ‍ॅक्शन खर्चून केलेला वार, करता येत नाही. किंमत उघड आहे: पुढची पाळी येईपर्यंत तुमच्याजवळून कोणी निसटलं तर तुम्हालाही वार करता येणार नाही. अडकलेल्या विझर्डला बाहेर काढायला हा नियम सोन्यासारखा.

'खूण करणं': तुमचा वार लागला की नुकसान निम्मं करायचं. त्या बदल्यात तुमच्या पुढच्या पाळीआधी त्याच शत्रूवर पहिला वार करणाऱ्या मित्राला आपल्या वाराच्या फाशात चार बाजूंच्या फाशाचा आकडा मिळवता येतो. ज्याचा वार सहज लागतो पण नुकसान कमी, त्याने खूण करावी. ज्याचा घाव मोठा पण लागायची पंचाईत, त्याने फायदा घ्यावा. कोणाचं काय आहे हे कळायला एकमेकांच्या शीटकडे बघावं लागतं, आणि मला तेच हवं होतं.

तुम्ही स्वतःचे नियम करणार असाल तर एक काळजी घ्या. कुठल्यातरी क्लासची (कॅरेक्टरच्या पेशाची) खास गोष्ट सगळ्यांना वाटून टाकू नका. मी एकदा 'शेजारच्यासाठी ढाल पुढे करणं' असा नियम आणला, रिअ‍ॅक्शन खर्चून मित्रावरच्या वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज. टाळ्या पडल्या. मग फायटरवाला शांतपणे म्हणाला, "का बे, हे तर माझ्या प्रोटेक्शन स्टाइलमध्ये आहे. मी ते घ्यायला बाकीच्या स्टाइल सोडल्या, त्याचं काय?" नियम त्याच रात्री मागे घेतला. लिहिण्याआधी पुस्तकात शोधा, तेच काम करणारं काही कोणी आधीच किंमत मोजून घेतलेलं आहे का.

पायरी ७: हेच समोरच्यांनी केलं तर?

कुठलाही नियम पक्का करण्याआधी टेबलाला एवढंच विचारा. लांडग्यांकडे पॅक टॅक्टिक्स आधीच असतं, म्हणजे भक्ष्याजवळ दुसरा धडधाकट लांडगा असला की अ‍ॅडव्हांटेज. चावा लागला की आडवं पडण्याची भीती वेगळीच. २०१४च्या हिशेबाने पहिल्या लेव्हलच्या चौघांना तीन लांडगे म्हणजे 'हार्ड' लढाई. एका चाव्याचं सरासरी नुकसान ७, आणि त्या लेव्हलच्या विझर्डचे एकूण हिट पॉइंट साधारण तेवढेच. त्यात लांडग्यांना पाळ्या बदलायची मुभा द्या आणि बघा.

आमच्याकडे अक्कल असलेले शत्रू सगळे घरचे नियम वापरतात, जनावरं वापरत नाहीत. गॉब्लिनांच्या टोळीने पहिल्यांदा खूण केली तेव्हा खोलीत शांतता पसरली. पुढच्या राउंडला बार्बेरियनने खूण करणाऱ्यालाच आधी गाठलं. नियम नीट समजल्याची याहून चांगली परीक्षा नाही.

एक फसलेला नियमही सांगतो, कारण तो सगळ्यांनाच सुचतो. कबड्डीत तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर जादा गुण मिळतो, सुपर टॅकल. आम्ही म्हटलं, निम्मी टीम पडली की उरलेल्यांना वाराला +२. कागदावर रोमांचक वाटलं. टेबलावर काय झालं? क्लेरिक पडलेल्या रोगला उठवायला निघाली आणि फायटर ओरडला, "थांब, थांब, तो उठला की आपले +२ जातील!" रोगवाला बघतच राहिला. मित्र मरत पडलाय आणि त्याला तसंच पडू देण्यात फायदा, असा नियम टीमवर्कच्या नावाखाली मी लिहिला होता.

पायरी ८: कागद

प्रत्येक नियम एका ओळीत, पेन्सिलने. ओळीत मावला नाही तर नियम लांबलाय, कापा. शेजारी तारीख घाला आणि तीन बैठका चालवा. एका वेळी एकच नवीन नियम आणा, दोन आणले तर कशाने काय झालं ते कळत नाही. तिसऱ्या बैठकीनंतर भाकरी मोडता मोडता विचारा: या नियमामुळे कोणी दुसऱ्यासाठी काही केलं का? नसेल केलं तर खोडा, कितीही हुशारीचा असला तरी. ज्याने सुचवला त्याला थोडं वाईट वाटतं, पुढच्या वेळी चटणी त्याच्याकडे आधी सरकवायची.

नियम बदलायचे ते बैठकीच्या सुरुवातीला किंवा शेवटी. लढाईच्या मध्ये वाद निघाला तर डीएमचा निर्णय त्या रात्रीपुरता मान्य, चर्चा नंतर.

आमच्या कागदावर आज चारच ओळी आहेत: घेरलं तर +२, शेजारच्या पाळ्या बदलता येतात, आड येणं, खूण करणं. 'ज्याची पाळी, त्याचा शब्द' हे कागदावर नाही, ते क्लेरिकवालीने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत आमची बैठक बंद असते, सगळे यात्रेत. त्यानंतर पाचवी ओळ करून बघायची आहे, दोघांनी मिळून एक मंत्र टाकायची. विझर्डवाल्याने मसुदा दिलाय, साडेतीन ओळींचा. परत पाठवलाय त्याला.